हीटर याच शनिवारी लागला पाहिजे असं नाही

सातारा,
नोव्हेंबरअखेर

चि. बाळ,



गॅरेजच्या छताला टांगायला तू विजेचा हीटर आणलास, त्याच्या खोक्याचा फोटो तुझ्या आईने दाखवला. वरचे आकडे वाचता यावेत म्हणून मी तो इतक्या वेळा मोठा करून पाहिला, की आजी म्हणाली, नातीचा फोटो कधी एवढा निरखला नव्हता! (खोटं बोलते ती. तुझेही निरखतो.) मिनेसोटाच्या थंडीत रंधा धरायला बोटं वळत नाहीत, म्हणून ही ऊब हवी, हे मला अगदी पटतं. तयार टेबल विकत आणणं सोपं असताना तू ते स्वतः करायला बसतेस, याचं तर कौतुकच वाटतं. पण 'शनिवारी संध्याकाळी दोन तासांत लावून टाकते' असं तू आईला म्हणालीस, ते ऐकून मी कागद पुढे ओढला. तुझ्या हातांवर आणि डोक्यावर माझा पुरता भरवसा आहे, फक्त त्या दोन तासांवर नाही.

आधी हिशेब करू, कारण हिशेबाला बसलं की माणूस आपोआप सावकाश होतो. तुझा हीटर ५,००० वॅटचा आणि २४० व्होल्टवर चालणारा, म्हणजे तो जवळजवळ २१ अँपिअर ओढणार. आपल्या न्हाणीघरातला गीझर २,००० वॅटचा, तो ९ अँपिअरसुद्धा घेत नाही आणि पंधरा-वीस मिनिटांत गप्प बसतो. तू मात्र रविवारी सकाळी गॅरेजमध्ये शिरलीस की दुपारच्या जेवणालाच बाहेर येणार (आणि तेही कुणी हाक मारली तर), तोवर तुझा हीटर चालूच. असा तासन् तास चालणारा भार सव्वापट धरायचा, असं तुमच्याकडचा नॅशनल इलेक्ट्रिकल कोड सांगतो. हा कोड १८९७ सालापासूनचा, आणि दर तीन वर्षांनी तो सुधारतात. आम्ही नोकरीत १९५६ चे विद्युत नियम पाठ केले, तेव्हा कंटाळा यायचा. पुढे कळलं, की असा एकेक नियम कुठल्यातरी घरातल्या जळलेल्या भिंतीवरून आलेला असतो. तर २१ ची सव्वापट २६, म्हणून ब्रेकर ३० अँपिअरचा आणि केबल १० नंबरच्या तांब्याची. तुमच्याकडे तारेचा आकडा उलटा चालतो, हे ध्यानात ठेव. १४ नंबर बारीक, १२ त्याहून जाड, १० आणखी जाड. आपल्याकडे दीड, अडीच, चार चौरस मिलिमीटर असा आकडा चढतो तशी तार जाड होते. जुनी केबल घरात पडून आहे म्हणून ती वापरायचा मोह होईल, कारण काटकसर तू माझ्याकडूनच शिकलीस. पण बाळ, काटकसर वापरात करावी, तारेच्या जाडीत करू नये. आणि हीटर तात्पुरता म्हणूनसुद्धा एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नकोस.

दुसरी गोष्ट रंगांची, आणि ती मला जास्त छळते. लहानपणी तू माझ्या हत्यारांच्या पेटीशी बसून विचारायचीस, 'आजोबा, काळी वायर म्हणजे न्यूट्रल ना?' आणि मी मान डोलवायचो. आपल्याकडे ते बरोबरच होतं. लाल, पिवळी, निळी फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. तुमच्याकडे काळी आणि लाल फेजची, पांढरी न्यूट्रलची, आणि हिरवी किंवा उघडी तांब्याची तार अर्थिंगची. माझ्याकडून शिकलेलं तेवढं एक विसर. पुढे ऐक. तुमच्या घरात १२० व्होल्टचे दोन फेज येतात, त्या दोघांमध्ये मिळून २४० भरतात. तुझ्या हीटरला हे दोन्ही फेज लागतात. त्याला न्यूट्रल लागत नसेल, तर केबलमधली पांढरी तारही इथे फेजच होते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना काळी किंवा लाल टेप गुंडाळायची, म्हणजे दहा वर्षांनी ते झाकण उघडणारा माणूस फसणार नाही. ब्रेकरही जोडीचा हवा, दोन्ही फेज एकदम तोडणारा. एकच तुटला तर हीटर गार पडतो, पण आत १२० व्होल्ट तसेच उभे असतात.

आता पॅनेलबद्दल, आणि इथे मी आजोबा म्हणून नाही, जुना वायरमन म्हणून बोलतो. मेन ब्रेकर खाली पाडलास तरी मीटरकडून मेनपर्यंत आलेल्या जाड तारा जिवंतच राहतात. त्यांना तुझ्या घरातल्या कुठल्याच बटणाने मारता येत नाही. म्हणून पॅनेलमध्ये ब्रेकर बसवण्याचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनला दे. जागा ठरवणं, तुळई शोधणं, ब्रॅकेट लावणं, केबलचा मार्ग आखणं, हे सगळं तू कर आणि त्या एका तासाचे पैसे त्याला खुशाल मोज. मला ते कधीच उधळपट्टी वाटणार नाही. राहत्या घराच्या मालकाला परमिट काढून स्वतः वायरिंग करता येतं, हे तुझ्याकडच्या राज्यात खरं आहे. पण करता येतं म्हणून सगळंच करावं असं नाही. परमिट मात्र दोन्ही वेळा काढायचंच. इन्स्पेक्टर येऊन आपलं काम बघतो यात कमीपणा मानू नकोस. दुसऱ्याची नजर मिळते ती. केबल भिंतीत झाकायच्या आधी त्याला दाखव.

आम्ही खांबावर चढण्यापूर्वी लाइन बंद केल्याचं परमिट हातात घ्यायचो, तरीही तारेला अर्थिंग लावल्याशिवाय बोट लावत नसू. घरातलं काम असलं तर फ्यूजचं किटकॅट काढून खिशात घालायचो, म्हणजे घरातल्या कुणी चांगल्या मनाने 'लाइट गेली वाटतं' म्हणून ते परत बसवायला नको. तुमच्याकडे ब्रेकरला लावायचं छोटं कुलूप मिळतं. ते लाव, वर चिठ्ठी चिकटव, आणि किल्ली खिशात. मग मीटरने तपास. आधी जिथे वीज नक्की आहे तिथे लावून बघ, मग आपल्या कामाच्या तारांवर, फेज ते फेज आणि प्रत्येक फेज ते अर्थ, आणि मग पुन्हा त्या पहिल्या चालू जागेवर. शेवटचं तपासणं बहुतेक लोक टाळतात. पण मधल्या मध्ये मीटरचीच बॅटरी संपली असेल, तर त्याने दाखवलेलं शून्य कुठल्या कामाचं? माझा जुना दिव्याचा टेस्टर तू आठवण म्हणून नेला आहेस, तो आठवणच राहू दे.

छताला हीटर टांगताना वरच्या पांढऱ्या जिप्सम बोर्डावर विसंबू नकोस. ते दिसतं घट्ट, पण दहा-बारा किलोचं धूड त्याच्या जिवावर राहत नाही. वरची लाकडी तुळई शोध. तुमच्याकडे त्या सहसा १६ किंवा २४ इंचांवर असतात. आधी बारीक ड्रिलने वाट कर आणि मगच जाड लॅग स्क्रू तुळईत पिळ. ब्रॅकेटची भोकं तुळईला जुळली नाहीत, तर दोन तुळयांवर एक भक्कम आडवी फळी मार, सुतारकाम तर तुझ्या आवडीचंच. आणि गॅरेजचं मोठं दार उघडून वर सरकवून बघ, की ते छताखाली कुठवर येतं. दार बंद असताना जागा ठरवली, की नंतर दार आणि हीटर एकमेकांना भिडतात. भिंत, छत, जमीन यांपासून किती अंतर सोडायचं हे तुझ्या हीटरच्या मॅन्युअलमध्ये इंचांत दिलेलं असेल, ते टेपने मोज, डोळ्यांनी नको. गरम हवा वर जाते, म्हणून पुढच्या पट्ट्या खाली वळव, नाहीतर छत शेकेल आणि तुझे पाय गारच राहतील. हे करताना एकटी असू नकोस. दुसऱ्या शिडीवर कुणीतरी हीटर धरायला हवं, आणि तेही न बोलणारं नको, 'सावकाश' म्हणणारं हवं.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. शॉर्ट झालं तर ब्रेकर पडतो, आवाज होतो, माणूस सावध होतो. पण स्क्रू थोडा ढिला राहिला तर काहीच होत नाही. हीटर चालतो, ऊब येते, तू खूश होतेस. त्या ढिल्या जागी एक दशांश ओहम जरी अडथळा राहिला, तरी २१ अँपिअरला तिथे चव्वेचाळीस वॅटच्या आसपास उष्णता निघते, म्हणजे डाग लावायच्या सोल्डरिंगच्या हत्याराएवढी, आणि ती एका कणाएवढ्या जागेत, बंद डब्यात, तासन् तास. ब्रेकरला यातलं काही कळत नाही, कारण वीज जास्त वाहतच नाही. तार तापते, सैल होते, गार होते, आणखी सैल होते. घाई त्याच दिवशी पकडली जात असती तर जगात कुणीच घाई केली नसती. ती महिन्या-दोन महिन्यांनी पकडली जाते, आणि तेव्हा ती कुठल्या मिनिटात झाली होती हे आठवतही नाही. म्हणून प्रत्येक टर्मिनल किती आवळायचं त्याचा आकडा मॅन्युअलमध्ये बघ, टॉर्क स्क्रूड्रायव्हर आण, आणि आवळून झाल्यावर प्रत्येक तार हाताने ओढून बघ. हंगाम संपला की ब्रेकर बंद करून, कुलूप लावून, पुन्हा एकदा तपास.

हे सगळं संध्याकाळी का नको, ते तुला कळलंच असेल. डिसेंबरात तुमच्याकडे साडेचारलाच सूर्य मावळतो, मेन ब्रेकर पाडला की गॅरेजचा दिवाही जातो, आणि एखादा क्लॅम्प कमी पडला तर दुकान बंद. मग माणूस म्हणतो, आज असंच असू दे, उद्या बघू. तो उद्या येत नाही. तुला लवकर उठायचा कंटाळा आहे हे मला माहीत आहे (सहामाहीच्या परीक्षेच्या दिवशीही मी पाणी शिंपडून उठवलंय), पण या कामापुरती पहाटे ऊठ, चहा पी, मॅन्युअल पहिल्या पानापासून वाच, आणि उजाडल्यावर शिडी लाव. एका सकाळी ब्रॅकेट आणि केबल, इन्स्पेक्टर येऊन गेल्यावर दुसऱ्या सकाळी जोडणी. मधले दिवस स्वेटर घालून रंधा मार.

आणि चालवण्याचा हिशेब. हा हीटर पूर्ण तासाला ५ युनिट खातो. म्हणून आधी दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लाव, दाराला आतून इन्सुलेशन बसव, आणि थर्मोस्टॅट एवढाच ठेव की अंगात स्वेटर राहील. लाकडाचा भुसा हीटरवर बसतो, तो आधी ब्रेकर पाडून, हीटर गार झाल्यावर, व्हॅक्यूमने काढ. पेट्रोलचा कॅन, थिनर, व्हार्निश गॅरेजमधून हलव. पेट्रोलची वाफ जड, ती जमिनीलगत साठते, त्यामुळे छतावरचा हीटर जमिनीवरच्यापेक्षा बरा, पण व्हार्निश लावायच्या दिवशी तोही बंद. पहिल्यांदा चालू केलास की थोडा जळका वास येईल, आतला धुरळा आणि लेप तापल्याचा. दार उघडं ठेव, तासभर तिथेच बस. वास वाढत गेला किंवा प्लॅस्टिकचा वाटला तर लगेच बंद कर. विकत घेतलेल्या वस्तूवर यूएल किंवा तत्सम तपासणीचा शिक्का आहे ना, तेही बघून ठेव, जसा आपण आयएसआयचा बघतो.

आजी डिंकाचे लाडू करतेय, तुझ्या आईच्या बॅगेत येतील, बॅगेला वजनाची मर्यादा आहे म्हणून ती विमान कंपनीवर रागावली आहे. सगळ्यांना आशीर्वाद सांग. इन्स्पेक्टर काय म्हणाला ते फोनवर कळव, आमच्या रात्रीची चिंता करू नकोस, मी जागाच असतो.

तुझा,
आजोबा

ता. क. : पॅनेलच्या दाराआतल्या कागदावर त्या ब्रेकरसमोर 'गॅरेज हीटर' असं सुवाच्य लिही, आणि मॅन्युअल, बिल, परमिटचा कागद एकाच पिशवीत घालून पॅनेलजवळच ठेव. टर्मिनलचं झाकण लावण्याआधी आतला एक फोटो काढून मला पाठव. पसंत पडला नाही तर पुन्हा आवळायला लावीन.