अर्धशिशी आणि एकादशीचा नेम

नागपूरचे वैशाख-ज्येष्ठातले ऊन ज्याने सोसले, त्यालाच ते ठाऊक. पारा ४५ अंशांच्या वर चढतो, रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळल्यावाचून कोणी उंबरठा ओलांडीत नाही. याच दिवसांच्या आगेमागे ज्येष्ठ शुद्ध एकादशी येते. तिला निर्जला म्हणतात. अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नाही. आमच्या मातोश्री हा नेम कडकडीत पाळीत. आणि दरवर्षी त्याच दिवशी, दुपार कलली की त्यांचे अर्धे डोके दुखू लागे.

आम्ही तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे असू. त्या आतल्या अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर ओला पंचा घेऊन पडत. एकादशीच्या दिवशी आईच्या कानी हरिनाम पडले पाहिजे, म्हणून आम्ही उशाशी बसून टाळाच्या गजरात हरिपाठ म्हणत असू. एकदा त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, “हळू म्हण ना बापू, डोक्यात घण पडून राहिले.” आम्हाला राग आला. हरिनाम का कोणाला टोचते? आम्ही टाळ आणखी जोराने वाजविला.

पुढे तिशी उलटली आणि तेच दुखणे आमच्या वाट्याला आले. आधी डोळ्यांपुढे चमचमती नागमोडी रेघ, मग एका कानशिलात ठोके, पोटात मळमळ; उजेड सोसवत नाही, आवाज सोसवत नाही, उदबत्तीचा वाससुद्धा नको होतो. एका एकादशीच्या जागराला कीर्तन रंगात आले असताना आम्ही उठलो आणि देवळामागच्या अंधारात विहिरीपाशी जाऊन बसलो. एक टाळकरी मागोमाग आले. म्हणाले, “माउली, नामाची गोडी लागली असती तर डोके दुखल्याचे कळलेही नसते!” त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण ते वाक्य त्या रात्री दुखण्याहून अधिक लागले. कारण आम्हीही एके काळी मनातल्या मनात तेच म्हटले होते, आणि तेही आपल्या आईला.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळतो आहे. दुखणे मुकाट्याने भोगणे हीच भक्ती, की त्यावर उपाय करणे? नेम मोडून औषध घेणारा वारकरी खोटा काय?

प्रथम दुखण्याविषयी दोन शब्द. अर्धशिशी ही आजकालची नव्हे. सुश्रुतसंहितेत डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत, त्यांत अर्धावभेदक या नावाने ही आहेच. ‘मायग्रेन’ हा शब्दही मूळ ग्रीक भाषेतील अर्ध्या डोक्यासाठी असलेल्या शब्दावरूनच आला. हा मनाचा चाळा नाही की कामचुकारपणा नाही. मेंदूचा आणि मज्जातंतूंचा हा विकार आहे. तो बहुधा घराण्यात चालत येतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिप्पट आढळतो. उपाय न केल्यास एक झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतो. या दुखण्याची उकल करणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ साली मेंदू-संशोधनाचा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्या शोधांतून नवी औषधेही निघाली आहेत.

या दुखण्याचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा. अशा माणसाच्या मेंदूला फेरफार सोसत नाही. जेवण चुकले, झोप मोडली, पाणी कमी पडले, ऊन लागले की झटक्याला निमित्त मिळते. आता पाहा, उपास, जागर आणि उन्हातली वाटचाल, ही तिन्ही आपल्या वारीत एकत्र येतात!

कोणी म्हणेल, प्रारब्ध भोगूनच सरते. खरे आहे. पण वारीच्या वाटेवर पायात काटा मोडला, तर प्रारब्ध म्हणून लंगडत पंढरी गाठणारा कोणी आम्ही पाहिला नाही. काटा ज्या प्रारब्धाने मोडला, त्याच प्रारब्धाने तो काढणारा सोबतीही भेटतो. पालखीच्या वाटेवर औषधोपचाराची केंद्रे असतात. तेथे पायाचे फोड बांधून घेणाऱ्यास कोणी अभक्त म्हणत नाही. फोड दिसतो आणि अर्धशिशी दिसत नाही, भेद काय तो एवढाच.

शास्त्रही हट्टाच्या बाजूचे नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले की योग अति खाणाऱ्याचा नव्हे, तसा मुळीच न खाणाऱ्याचाही नव्हे. अति निजणाऱ्याचा नव्हे, तसा अति जागणाऱ्याचाही नव्हे. सतराव्या अध्यायात तर अशास्त्र आणि घोर तपाने देह पिळणारे लोक, देहात राहणाऱ्या मलाच पिळतात, असे म्हटले आहे. आणि नाथमहाराजांची कथा कोणाला ठाऊक नाही? रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतले गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले. त्या गाढवात देव दिसतो. मग आपल्याच घरात तहानेने आणि वेदनेने तळमळणाऱ्या माउलीत तो का दिसू नये?

पण येथे एक खाचखळगा आहे, तोही लपवून चालणार नाही. दुसऱ्यावर दया करणे अवघड आणि स्वतःवर फार सोपे. आज डोके दुखते म्हणून नेम सोडला, उद्या दुखेल म्हणून सोडला, असे होता होता आळसच गळ्यात माळ घालून बसतो. मग गरज कोणती आणि सबब कोणती? आम्ही आपल्यापुरती एक कसोटी ठरविली आहे. सबब सांगणारा नेम सोडतो आणि मोकळा होतो. गरजवंत नेम सोडत नाही, बदलून घेतो. आणि दुसरे असे की जी सवलत आपण स्वतःला घेतो, ती सुनेला, शेजाऱ्याला तितक्याच आनंदाने दिली पाहिजे.

आमचा बदललेला नेम असा. रोज ठरल्या वेळी निजणे आणि ठरल्या वेळी उठणे. जेवण चुकवायचे नाही, पाणी वरचेवर प्यावयाचे. झटका केव्हा आला, त्याआधी काय घडले, हे एका वहीत टिपायचे. डॉक्टरांनी दिलेली गोळी दुखणे चढू लागताच घ्यायची, अगदी असह्य होईतो थांबायचे नाही. मग अंधार, शांतता आणि कपाळावर गार पट्टी. मात्र गोळीचाही अतिरेक नको. महिनोन् महिने, महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेत राहिले, तर त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते. काही विशेष गोळ्यांना तर १० दिवसही पुरतात. इतके वरचेवर दुखत असेल, तर झटके टाळणारी निराळी औषधे असतात, ती डॉक्टरांना विचारावी. आणि दुखणे एकाएकी विजेसारखे आले, सोबत ताप आला, हातपाय लुळे पडले वा बोबडी वळली, तर घरी न बसता तडक दवाखाना गाठावा.

खरे सांगावयाचे तर एका दिवसाचा कडक उपास सोपा होता. बाराही महिने वेळेवर जेवणे आणि वेळेवर निजणे, हा नेम त्याहून कठीण पडतो. आषाढात धापेवाड्याला, आपल्या विदर्भाच्या पंढरीला, आम्ही आजही पायी जातो. पण पहाटे निघतो, वेळेवर चार घास खातो, ऊन चढले की सावलीत टेकतो. त्यामुळे पोचायला उशीर होतो. विठ्ठल विटेवर उभा असतो. तो काही निघून जात नाही.

मातोश्री आता नाहीत. निर्जलेच्या दिवशी तुळशीला पाणी घालून आम्ही पेलाभर पाणी पितो, आणि दुपारी त्याच अंधाऱ्या खोलीत बसून हरिपाठ मनातल्या मनात म्हणतो. टाळ खुंटीवरच असतो. ही हळू म्हणण्याची आज्ञा पाळायला आम्हाला फार उशीर झाला.

वाचकहो, पुढच्या एकादशीला कीर्तनातून कोणी कपाळ धरून उठले, तर त्याची भक्ती मोजू नका. तांब्याभर पाणी द्या, अंधाराची जागा दाखवा, आणि त्याच्याजवळ गप्प बसा. राम कृष्ण हरि.