एका रात्रीचे मेहमान

पावती फाडली म्हणजे रात्र विकत घेतली का? हा प्रश्न आम्हाला भंडारदऱ्याच्या काठी पडला आणि अजून पुरता सुटलेला नाही.

उन्हाळी सुट्टी संपत आली होती. आम्ही उर्दू शाळेतील चार शिक्षक, बायकामुलांसह नगरहून संगमनेर, अकोले, राजूर करीत शेंडीला पोहोचलो. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे; आमच्या तोंडून अजून नगरच निघते.) नाक्यावर पैसे भरले. पुढे १९८६ साली घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. मेअखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत येथे हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजव्यांचे थवे उजळतात आणि विझतात. ते पाहायला मुंबई-पुण्याहून माणसे लोटतात आणि धरणाच्या काठाने तंबू लागतात. आमचाही तंबू त्यातलाच.

अंधार पडला तसे एक झाड लखलखू लागले. मुले थक्क झाली. आमच्यातल्या एकाने कौतुकाने त्यावर टॉर्च मारली आणि पाहता पाहता झाड मंदावले. सोबतचा गावकरी हळूच म्हणाला, "गुरुजी, बत्ती विझवा. त्यांचं लगीन लागतंय."

नर प्रकाशाने हाक देतो, मादी प्रकाशानेच उत्तर देते आणि पंख फुटल्यावरचे आयुष्य थोड्याच दिवसांचे, हे आम्ही वर्गात शिकवतो. फळ्यावर शिकवलेले हातातल्या टॉर्चपर्यंत पोहोचले नव्हते, एवढेच. त्या रात्री रस्त्यावरून गाड्यांचे दिवे मात्र येतच राहिले.

उत्तररात्री गारवा वाढला. जादा पैसे देऊन आम्ही लाकडाची मोळी घेतली, शेकोटी केली, गाणी झाली. सकाळी फिरताना एक म्हातारी काटक्या वेचताना दिसली. लांबून जीपचा आवाज येताच तिने भारा करवंदीच्या जाळीमागे ढकलला आणि रिकाम्या हातांनी उभी राहिली. अभयारण्यातून विनापरवाना लाकूडफाटा नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. तिचा भारा चुलीसाठी होता. आम्ही रात्री जाळलेली मोळी त्याहून मोठी होती. आमची मोळी कोठून आली, हे आम्ही विचारलेच नव्हते.

मक्केच्या हरममध्ये शिकार तर सोडाच, जनावराला हुसकावायचेही नाही, झाड तोडायचे नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच हदीसमध्ये पुढे येते की हजरत अब्बास (रजि.) यांनी इझखिर नावाच्या गवतापुरती सूट मागितली, कारण ते तेथील लोकांना घरांसाठी आणि कबरींसाठी लागे, आणि पैगंबर (स.) यांनी ती दिली. सूट मिळाली ती गरजेला. भंडारदऱ्यात आम्ही नेमके उलटे पाहिले. गरजेला लपावे लागत होते आणि हौस उजेडात बसून गात होती.

मग जायचेच नाही का? आमच्यातल्या एका बाईंचे मत तसेच पडले. आम्हाला ते पटत नाही. १९२६ मध्ये पुरे झालेल्या या धरणाच्या पाण्यावर खाली प्रवरेकाठचा ऊस उभा राहिला. वरच्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांना मात्र डोंगरउताराची भातशेती आणि पर्यटकांचा हा थोडका हंगाम. घरी बसून आम्ही निर्दोष राहू, पण त्याची किंमत तेच मोजतील. मेहमानाने दार टाळणे हा काही यजमानाचा सन्मान नव्हे. त्याच्या घरी जावे, पण गिऱ्हाईक म्हणून नव्हे. गिऱ्हाईक पैसे टाकून मोकळे होते. मेहमानाला मात्र यजमानाच्या चुलीत काय आहे, याकडे पाहावे लागते. आणि येथे यजमान दोन आहेत, एक वस्तीतला आणि एक झाडावरचा.

यंदा पुन्हा जायचे ठरते आहे. टॉर्चला लाल कागद लावू, तोही जमिनीकडेच धरू. शेकोटी नाही, शाली नेऊ, असेही ठरले. त्यावर आमचे गणिताचे सर म्हणाले, "मोळीचे पैसे कोणाच्या तरी घरात जात होतेच ना? ते आता कसे द्यायचे?" जेवण तंबूत न घेता वस्तीतल्या घरी घ्यावे, असे एकाने सुचवले. बोलणे सध्या तेथवर आले आहे.