नाव गावात, मूल फडात

दिवाळी सरली की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून माणसांनी भरलेल्या गाड्या निघतात. कुणी बारडोली-सुरतेकडच्या उसाच्या फडावर, कुणी सौराष्ट्रातल्या शेतांवर. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याच्या हिशेबात पाठीवरचं मूल कुठेच धरलेलं नसतं. होळीला जमलं तर येतात, काही पुन्हा जातात.

इकडे अंगणवाडीच्या रजिस्टरात त्या मुलापुढे शेरा पडतो : स्थलांतरित. शेरा खराच असतो, आणि सेविकेचा त्यात काही दोष नाही. मला खटकतो तो त्या एका शब्दाने आपल्या सगळ्यांना मिळणारा निवांतपणा. इथल्या वजनकाट्यावरून मूल उतरलं, तिथल्या काट्यावर अजून चढलं नाही. मधल्या महिन्यांत ते कुणाचं?

कागदावर याचं उत्तर आहे. एकात्मिक बालविकास योजना 1975 पासूनची, देशभराची. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा वर्षांखालच्या मुलाला आहाराचा हक्क दिला, तो काही त्याच्या गावापुरता नाही. आता पोषण ट्रॅकर आहे, राज्याची स्थलांतराची नोंद ठेवणारी प्रणालीही आहे. पण ऊसतोड्यांचा पडाव पडतो गावाबाहेर. आई उजाडायच्या आत फडात. बोली पावरी नाहीतर भिली, अंगणवाडी गुजराती. तिने जाऊन हक्क मागावा, ही अपेक्षा करणाऱ्याने मोळ्या बांधून थकलेली बाई एकदा जवळून पाहावी.

देशातलं पहिलं आधार कार्ड याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, 29 सप्टेंबर 2010 रोजी. पंतप्रधान आले होते. माणूस जाईल तिथे त्याची ओळख जावी, असा तो विचार. आकडा गेला खरा. पोषण आहाराचं पाकीट मात्र बऱ्याचदा गावातच राहिलं.

याच जिल्ह्यात दुसरंही घडलंय. 2020 साली करोनाच्या भीतीने नर्मदाकाठच्या अलिगाट आणि दादरची माणसं अंगणवाडीत येईनाशी झाली, तेव्हा चिमलखेडीच्या सेविका रेलू वसावे यांनी मासेमाराची होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत पोरांपर्यंत आहार नेला. त्यांचा सत्कार झाला, फोटो छापून आले. मला त्यांच्या धाडसापेक्षा त्यांनी केलेली निवड मोठी वाटते. मूल येत नाही, असा शेरा त्यांनाही मारता आला असता.

एका बाईच्या वल्ह्यावर आपण किती दिवस भागवणार? हंगामापुरती अंगणवाडी पडावावरच भरली पाहिजे, आणि ती भरवायचं काम सरकारचं आणि साखर कारखान्याचं, ऊसतोड्याचं नव्हे.

सुरत, बारडोलीत मराठी घरं पुष्कळ आहेत. तुमच्या वाटेवर पडाव दिसला, तर जवळच्या अंगणवाडीत जाऊन एवढंच सांगा : तिथे नंदुरबारची मुलं आहेत.