शरणागति आणि बळ

ईश्वर संकटांत भक्ताचें रक्षण करितो, हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकतों कीं त्याचा अर्थ विचारावा असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. संकट बाहेरचें असलें तर निदान अर्थ समजतो. पूर ओसरला, दुखणें हटलें, म्हणजे देव पावला असें म्हणतां येतें. पण ज्याची लढाई स्वतःच्या मनाशींच जुंपली आहे, ज्याची श्रद्धाच डळमळली आहे, त्याचें रक्षण म्हणजे काय? ज्याच्याविषयीं संशय, त्याच्याच आश्रयास जावयाचें, ही गोष्ट आम्हांस तरी सोपी वाटत नाहीं.

हा विचार करूं लागलें म्हणजे तुकारामबोवांचें चरित्र डोळ्यांसमोर उभें राहतें. इ. स. १६३० च्या सुमारास दक्षिणेंत जो भयंकर दुष्काळ पडला, त्यांत देहूच्या या वाण्याचा व्यापार बुडाला, पहिली बायको अन्नावांचून गेली, मुलगाहि गेला. देवानें या वेळीं त्यांचें रक्षण केलें, असें म्हणावयास फार धीटपणा पाहिजे! पुढें ते डोंगरावर एकांतांत बसूं लागले. तेथें त्यांना एकदम शांति लाभली असा आपला समज असेल, तर तो त्यांच्याच अभंगांनीं दूर होतो. क्षणांत दर्शनासाठीं काकुळती, क्षणांत स्वतःच्या दोषांची निर्दय मोजदाद, क्षणांत विठ्ठलावर उघड आरोप. देव आपल्यापुरता उरलाच नाहीं, येथवर मजल जाते. प्रा. रा. द. रानडे यांनीं महाराष्ट्रांतील संतांवरील आपल्या १९३३ सालच्या इंग्रजी ग्रंथांत या अवस्थेला आत्म्याची काळोखी रात्र म्हटलें आहे. हे शब्द मूळचे स्पेनमधील संत जॉन ऑफ द क्रॉस यांचे. त्यांना तर १५७७ सालीं त्यांच्याच पंथबंधूंनीं तोलेदो येथें कोंडून ठेविलें होतें.

आतां या साऱ्या तक्रारींत एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. ती कोणाजवळ केलेली आहे? शेजाऱ्याजवळ नव्हे, ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याचजवळ. भांडण चालू आहे तोंवर ‘तूं’ हा शब्द सुटलेला नाहीं. आमच्या मतें आश्रय म्हणतात तो हाच. त्याला तटबंदी नाहीं, घाव आंत येतातच. पण घाव सोसणारा एकटा राहत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं हें मनाचें मनाशींच बोलणें, स्वतःला घातलेली भुरळ. आक्षेप हलका नाहीं. मात्र माणूस स्वतःला भुरळ घालतो ती बहुधा गोड असते; आपणच आपल्याविरुद्ध साक्षी गोळा करीत बसत नाहीं. ज्याच्यापुढें कांहीं लपवावयाचें उरलें नाहीं, त्याच्यापुढेंच असें बोलवतें. यानें देवाचें अस्तित्व सिद्ध होत नाहीं, आणि तसा आमचा आवहि नाहीं. पण या आश्रयांतून कोणत्या जातीचें बळ येतें, तें यावरून कळतें. महिपतीनें सांगितलेल्या कथेप्रमाणें वडिलार्जित सावकारीचीं निम्मीं खतें बोवांनीं धाकट्या भावाला दिलीं आणि आपल्या वांट्याचीं इंद्रायणींत बुडविलीं. दुष्काळानें पोळलेला माणूस एरवीं पै न् पै घट्ट धरतो. येथें तो कुळांना मोकळें करितो. देवाच्या नांवानें आलेलें बळ माणसाला कठोर करूं लागलें, तर तें कोठून आलें याचा शोध घ्यावा हें बरें.

त्याच नदींत पुढें त्यांच्या अभंगांच्या वह्याहि बुडाल्या. तेरा दिवसांनीं त्या कोरड्या वर आल्या अशी परंपरा आहे, आणि त्या चमत्कारावर आजवर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. आमचें लक्ष त्या तेरा दिवसांकडे जातें. कथा आपण शेवटाकडून वाचतों. वह्या वर येणार हें आपणांस ठाऊक असतें, काठावर उपाशी बसलेल्याला तें ठाऊक नव्हतें. शोकांत असलेल्यास ‘श्रद्धा ठेवा, सारें ठीक होईल’ असें सांगणारे सज्जन त्याला चौदाव्या दिवशींचें सांगत असतात. तो बिचारा अजून चौथ्यांत असतो. त्याची श्रद्धा उणी पडली असें वर सुचविणें, हा तर निव्वळ निर्दयपणा.

ज्या शिळेवर बोवा ते दिवस बसून होते असें मानतात, ती देहूस आजहि आहे. २०२२ सालीं तेथें नव्या शिळामंदिराचें लोकार्पण झालें. वारकरी येतात आणि त्या दगडावर मस्तक ठेवितात.