आग्रहत्याग आणि सत्यशोध

जीवाच्या ठिकाणी केवळ अज्ञान नसून अन्यथाज्ञानही आहे, हे ब्रह्मविद्येचे अभ्यासक जाणतातच. या दोहोंतील भेद आचरणाच्या दृष्टीने मात्र पुरेसा विचारात घेतला जात नाही. अज्ञानी पुरुष निदान विचारतो. अन्यथाज्ञानी विचारीत नाही, कारण उत्तर आपणांस मिळालेलेच आहे असे तो मानतो. ताकाने भरलेल्या भांड्यात दूध ओतता येत नाही. म्हणून सत्यशोधाचा आरंभ नवे मत स्वीकारण्यात नसून धरलेले मत तपासण्यात, आणि ते खोटे ठरल्यास सोडण्यात आहे.

येथे अशी शंका उपस्थित होते की, मत सोडावयाचे तर श्रद्धाही सोडावी काय? असे करता विकल्प उत्पन्न होऊन साधक मार्गभ्रष्ट होणार नाही काय? शंका रास्त आहे. तिचा विचार एका दृष्टांताने करू.

वर्धा जिल्ह्यातील शेगाव येथे महात्मा गांधी 1936 साली राहावयास आले. 1940 साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आंतरजातीय विवाहावरील निर्बंध आत्मोन्नतीस आवश्यक आहेत, असे याच गांधीजींनी 1921 साली लिहिले होते. पुढे 1946 च्या सुमारास, वधूवरांपैकी एक जण हरिजन असल्याखेरीज सेवाग्रामच्या आश्रमात विवाह होणार नाही, असा त्यांचा निश्चय झाला. आंध्रातील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा 1944 च्या अखेरीस सेवाग्रामास येऊन त्यांच्याशी चर्चा करू लागले. गोरांच्या कन्येचा एका हरिजन तरुणाशी विवाह तेथे व्हावयाचा ठरला, तेव्हा शपथेत ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘सत्य’ हा शब्द घालण्यास गांधीजींनी संमती दिली. गांधीजींच्या निधनानंतर 1948 साली तो विवाह सेवाग्रामी झाला.

निरीश्वरवाद आम्हांस मान्य नाही, आणि गांधीजींसही तो मान्य नव्हता. परंतु पाहण्याजोगी गोष्ट ही की, त्यांनी मत बदलले, निष्ठा बदलली नाही. किंबहुना सत्याची निष्ठा अढळ होती म्हणूनच मत बदलणे त्यांस शक्य झाले. ज्याची निष्ठा सत्यावर नसून ‘माझ्या’ म्हणण्यावर असते, त्याला एक शब्द सोडतानाही आपण बुडालो असे वाटते.

हाच प्रकार आपल्या घरातही दिसतो. सराळ्याचे म्हाइंभट हे शास्त्रनिपुण विद्वान. ते सर्वज्ञांकडे आले ते वाद करावयास. पुढे त्याच म्हाइंभटांनी विद्वत्तेचा अभिमान उतरवून, ज्यांनी लीळा पाहिल्या त्यांना विचारीत विचारीत लीळाचरित्र सिद्ध केले, आणि ते नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले. त्या ग्रंथाच्या परंपरेत पाठभेद लपविलेले नाहीत. कोणाची वासना कोणती, हे नोंदविलेले आढळते. सर्वज्ञांचे वचन प्रमाण आहे, परंतु आपली स्मृती चुकू शकते, ही नम्रता त्यामागे आहे. प्रमाणावर श्रद्धा आणि स्वतःच्या ग्रहणाविषयी सावधपणा या दोन गोष्टी परस्परविरोधी नसून एकमेकींस धरून आहेत.

तेव्हा वरील शंकेचे समाधान असे: विकल्प म्हणजे परमेश्वराविषयी संशय, आग्रहत्याग म्हणजे आपल्या आकलनाविषयी संशय. पहिल्याने साधक मार्गापासून ढळतो. दुसऱ्याने तो मार्गावर राहतो. आम्नायभेदाच्या, पाठभेदाच्या किंवा आचारभेदाच्या चर्चेत आपण रागावतो, तेव्हा त्या रागाचे कारण वचनाचा अवमान आहे की आपला, हे प्रत्येकाने एकांती तपासावे. उत्तर पुष्कळदा कटू येईल.

अनुसरण घेणाऱ्यास स्वदेश, स्वग्राम आणि संबंधी यांचा त्याग सांगितला आहे. गाव सुटते, सोयरे सुटतात. परंतु गावात ऐकलेले, सोयऱ्यांनी मनात भरविलेले आणि पुढे आपणच पोसलेले मत झोळीत तसेच राहते. त्याचे ओझे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते सर्वांत शेवटी उतरते. वासनिकांनाही हे लागू आहेच, कारण मताचा संबंध सोडावयास घर सोडावे लागत नाही. साधुसंतांनी आणि वासनिकांनी याचा विचार करावा, ही विनंती. दंडवत प्रणाम.