वाळल्या लाकडाला पाणी

गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसणाऱ्याला घरातली जुनी माणसं एक नियम आवर्जून सांगतात: रात्री चटईवर, डाव्या कुशीवर झोपायचं. दृष्टांत झाला तर तो ऐकू यावा, ही त्यामागची श्रद्धा. झोपेतही कान जागे ठेवायला लावणारी ही परंपरा, ज्यांचं चरित्र या ग्रंथात आहे त्या नृसिंहसरस्वतींची. त्यांचं जन्मगाव वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड.

देवावर भार टाकला की आपण सुटलो, असा समज सर्रास आढळतो. कारंज्याची साक्ष वेगळी आहे.

हे गाव जैनांचंही. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या भट्टारक परंपरांच्या गाद्या इथे नांदल्या. १९१८ साली इथे महावीर ब्रह्मचर्याश्रम निघाला. जैन विचारात जग चालवणारा कर्ता ईश्वर नाही. म्हणून आत्म्याची सारी जबाबदारी ज्याची त्याच्यावर, आणि प्रमाद म्हणजे गाफीलपणा हा मोठा शत्रू. पाणी गाळून पिणं, दिवस मावळायच्या आत जेवणं, पाऊल टाकण्याआधी जमीन पाहणं हा त्या सावधपणाचा रोजचा सराव.

नृसिंहसरस्वतींचा जन्म परंपरेने इ.स. १३७८ च्या सुमाराचा मानतात. त्यांच्या चरित्रात सावधपणा तसाच राहतो, पण त्याचं श्रेय स्वतःकडे घ्यायला मनाई होते. बिदरच्या दरबारातून जयपत्रं मिरवत आलेल्या दोन वेदपंडितांसमोर ते एका अंत्यज मानलेल्या माणसाला उभं करतात आणि अंगाला भस्म लावून त्याच्या तोंडून वेद वदवतात. पुढे ते भस्म धुतलं जाताच त्याचं ते ज्ञानही जातं. कथेची जातीची चौकट आज कुणी मान्य करू नये. तिचा रोख मात्र पंडितांवर आहे: विद्या उसनी असते, तिच्यावर मालकी सांगणारा फसतो.

मग गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायातला नरहरी. कोडाने पिडलेल्या या ब्राह्मणाला गुरू औदुंबराचं वाळलेलं लाकूड देतात आणि गाणगापूरच्या संगमावर रोवून रोज पाणी घालायला सांगतात. लोक त्याला वेड्यात काढतात. तो पाणी घालत राहतो. सात दिवसांनी गुरू कमंडलूतलं पाणी शिंपडतात आणि लाकडाला पालवी फुटते. पालवी त्याच्या पाण्याने आली नाही. पण तो पाणी घालत होता म्हणून गुरू तिथवर आले.

अठराव्या शतकात कारंज्याच्याच मुलखात हा विचार आणखी एक वळण घेतो. १७३९ साली जन्मलेले बंजारा संत सेवालाल महाराज. त्यांची समाधी मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आहे. आधी जाणा, पारखा, मगच माना, ही त्यांच्या नावावरची शिकवण तांड्यांतून आजही सांगितली जाते. इथे श्रद्धेलाही डोळे उघडे ठेवायला सांगितलं आहे.

दत्तभक्त संन्यासी टेंबे स्वामींनी नृसिंहसरस्वतींचं कारंज्यातलं जन्मस्थान प्रकाशात आणलं आणि १९३४ मध्ये ब्रह्मानंद सरस्वतींनी गुरुमंदिर स्थापन केलं. आज तिथे येणाऱ्या कित्येकांचं घर कोरडवाहू सोयाबीन आणि तुरीवर चालतं. ऐन शेंगा भरताना पावसाने ओढ दिली की हंगाम हातचा जातो. सगळा भार एकट्याच्या खांद्यावर घेतलेला शेतकरी अशा वेळी स्वतःलाच गुन्हेगार ठरवतो. पेरणी, डवरणी, फवारणी माझी, पाऊस माझा नाही, एवढं मनापासून मानता आलं तर तो मोडून पडत नाही, आणि पुढच्या मृगाला पुन्हा तिफण धरतो. शरणागतीची खरी गरज इथे आहे. नवसाच्या देवघेवीत तिला अडकवणं हा तिचा अपमान आहे.

सप्ताहाच्या रूढ विभागणीत चाळिसावा अध्याय सहाव्या दिवशी येतो. तोवर पाठ भरून आलेली असते, आवाज बसलेला असतो, पानं भराभर उलटावीशी वाटतात. पारायणाला बसाल तेव्हा तो अध्याय मात्र सावकाश वाचा.