दाराचा राखणदार आणि घराचा धनी

ख्रिस्ती मनुष्यानें आपल्या घरावर राखण ठेवणें योग्य आहे काय, आणि राखणीच्या कुत्र्यानें निरपराधी माणसास इजा केली तर दोष कोणाच्या माथीं, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु खेड्यांतील मंडळ्यांत तो पुष्कळदां उद्भवतो, आणि त्याच्या तळाशीं विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

एका गांवची हकीकत अशी. तेथील एक ख्रिस्ती बंधु कष्टानें बऱ्या स्थितीस आला होता. पक्कें घर, बैलजोडी, गाडी, आणि दाराशीं एक दांडगा तांबडा कुत्रा. एके रात्रीं शेजारच्या वस्तींतील एक विधवा, आपल्या तापानें फणफणलेल्या मुलास दवाखान्यांत नेण्यासाठीं, गाडी मागावयास त्याच्या दाराशीं आली. कुत्रा अंगावर धांवला. तिनें दोनदां हांक मारिली, पण भुंकण्यापुढें ती कोणास ऐकूं गेली नाहीं. घरधनी अंथरुणांत जागाच होता. कुत्रा सावध आहे एवढें ऐकून त्यास समाधान वाटलें, व तो कूस बदलून निजला. बाई परत फिरली आणि मुलास खांद्यावर घेऊन दोन कोस चालत गेली. देवाच्या दयेनें मूल वांचलें. पुढें उपदेशकांनीं ही गोष्ट काढिली, तेव्हां तो बंधु म्हणाला, "मास्तर, त्यांत माझा काय अपराध? कुत्र्यानें आपलें काम केलें."

कुत्र्यानें आपलें काम केलें, हें आपण मान्य केलें पाहिजे. हा प्राणी फार प्राचीन काळापासून मनुष्याच्या सोबतीस आहे. जर्मनी देशांत बॉन शहराजवळ १९१४ सालीं एक पुरातन थडगें सांपडलें. त्यांत दोन माणसांच्या अस्थींबरोबर कुत्र्याच्याही अस्थि होत्या, आणि तें थडगें सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचें आहे. ईयोबानेंही आपल्या कळपाच्या कुत्र्यांचा उल्लेख केला आहे (ईयोब ३०:१). आपल्याकडील धनगराची मेंढरें माळावर बसलीं म्हणजे रात्रभर कुत्राच लांडग्याची चाहूल घेतो. देवानें त्यास तीक्ष्ण कान, तीक्ष्ण नाक व धन्याविषयीं प्रीति दिली आहे. यशया संदेष्ट्यानें बेसावध पुढाऱ्यांस दोष देतांना, त्यांस भुंकतां न येणाऱ्या मुक्या कुत्र्यांची उपमा दिली (यशया ५६:१०). तेव्हां भुंकणें हा कुत्र्याचा दोष नव्हे, आणि ज्यानें श्रमानें धान्य सांठविलें त्यानें त्याची राखण करणें हेंही पाप नव्हे.

परंतु कुत्र्याचें ज्ञान कोठवर पोंहचतें हें पाहा. तो सारें जग दोन भागांत विभागतो: एक ओळखीचे, दुसरे अनोळखी. चोर आणि साव हा भेद त्यास कळत नाहीं. रोजच्या बैठकींतला मनुष्य लबाड असला तरी त्याला पाहून तो शेपूट हालवील. यहूदा इस्कर्योत पैशाची पिशवी बाळगी व तींतील पैसे चोरी (योहान १२:६). त्याच्यावर शिष्यांच्या दारचा कुत्रा कधींही भुंकला नसता. उलट फाटक्या लुगड्यांतली दीन बाई, वाट चुकलेला वाटसरू, रात्रीं मदत मागणारा शेजारी, यांच्यावर तो तुटून पडेल. परका होतों तेव्हां मला घरांत घेतलें किंवा घेतलें नाहीं, यावरून प्रभु शेवटल्या दिवशीं निवाडा करील असें मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. हा विवेक कुत्र्याच्या ठायीं नाहीं. तो धन्याच्या ठायीं असावा, म्हणूनच तो धनी आहे.

मोशेच्या नियमशास्त्रांत याविषयीं दोन विधि आहेत. पहिला निर्गम २२:२-३ येथें. चोर घर फोडतांना सांपडला व मार लागून मेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाहीं. पण सूर्य उगवल्यावर असें घडलें तर दोष आहे. हा भेद कां? अंधारांत आलेला कोण, त्याच्या हातीं शस्त्र आहे कीं काय, हें घरधन्यास दिसत नाहीं; उजेडांत दिसतें. यावरून आपण इतकें शिकूं शकतों कीं, अज्ञानामुळें मिळालेली मोकळीक, जाणून घेण्याचें साधन हातीं आलें कीं संपते. ज्याच्या उशाशीं कंदील आहे त्यानें अंधाराची सबब सांगूं नये.

दुसरा विधि निर्गम २१:२८-२९ येथें. बैलानें मनुष्यास हुंदडून मारिलें तर बैलाचा धनी निर्दोष. पण बैल मारका आहे असें धन्यास पूर्वीं कळविलें असून त्यानें त्यास आवरलें नाहीं, तर दोष धन्याचा. आपल्या देशाचा कायदाही याच दिशेचा आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या २८९ व्या कलमांत, पाळीव जनावरापासून होणाऱ्या धोक्याविषयीं जो जाणूनबुजून निष्काळजी राहील त्यास शिक्षा सांगितली होती. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमांत तीच तरतूद आहे. फार काय, इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या पाँपे शहरांत, एका घराच्या प्रवेशद्वाराशींच जमिनीवर सांखळीनें बांधलेल्या कुत्र्याचें चित्र खड्यांनीं जडविलेलें सांपडलें असून, खालीं कुत्र्यापासून सांभाळा अशीं अक्षरें आहेत. त्या मूर्तिपूजक धन्यानेंही येणाऱ्यास आधीं सूचना देणें आपलें कर्तव्य मानिलें. आपण मात्र "भुंकणारा कुत्रा चावत नाहीं" असें ओट्यावरून सांगून मोकळे होतों!

आतां एक गोष्ट संकोच न धरितां लिहितों. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे वाडवडील गांवचे वेसकर होते. रात्रभर वेशीवर जागावें, परका आल्यास पाटलास वर्दी द्यावी, आणि घरोघर भाकर मागून पोट भरावें, असें तें काम. ज्या वेशीची ते राखण करीत तिच्या आंत त्यांचें घर नव्हतें. ज्या उंबऱ्यावर कुत्रें खुशाल बसे, त्यावर त्यांस पाऊल ठेवण्याची मनाई होती. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरें पाणी पीत, पण या माणसांस तेथें बंदी होती. १९२७ च्या मार्च महिन्यांत डॉ. आंबेडकरांनीं हजारों लोकांसह तेथें पाणी प्राशन केलें. वेसकरांचीं तीं वतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं. दाराबाहेर ताटकळत उभें राहणें म्हणजे काय, हें आपणांस कोणी शिकवावयास नको. तें आपल्या आजोबांच्या तोंडून आपण ऐकिलें आहे. मग देवानें आपणांस दार दिल्यावर त्या दारापुढें दुसऱ्यानें तसेंच भीत उभें राहावें काय?

म्हणून कुत्रा पाळणाऱ्या बंधुभगिनींस चार गोष्टी सुचवितों. कुत्र्यास वेळेवर अन्नपाणी द्यावें. उपाशी ठेवून व डिंवचून त्यास तापट करूं नये. दिवसां त्यास अशा ठिकाणीं बांधावें कीं, दाराशीं येणारा मनुष्य त्याच्या टप्प्यांत सांपडणार नाहीं. दरवर्षीं त्यास पिसाळरोगाची लस टोंचवावी. कोणास कुत्रा चावला तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी, तींत हळद, तिखट किंवा चुना भरूं नये, आणि मांत्रिकाकडे वेळ न दवडितां त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत न्यावें. लुई पाश्चर यानें १८८५ सालीं प्रथम एका मुलास या रोगाची लस टोंचून वांचविलें. परंतु रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर बहुधा कांहींच उपाय चालत नाहीं. आणि कुत्रा भुंकला कीं, कोण आहे हें धन्यानें स्वतः उठून पाहावें.

ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. थंडीच्या रात्रीं अंथरूण सोडवत नाहीं. पण कुत्र्याचें भुंकणें हा निकाल नव्हे. ती वर्दी आहे. वेसकर वर्दी देई, निर्णय पाटील करी. वर्दी ऐकून जो धनी निजून राहतो त्यानें आपली सदसद्विवेकबुद्धि कुत्र्याच्या गळ्यांत बांधिली असें म्हणावें लागेल. लूकाच्या सोळाव्या अध्यायांतील श्रीमंत मनुष्याच्या दाराशीं लाजर पडून होता. तेथें कुत्रे येऊन त्याचे फोड चाटीत. त्या दाराशीं कुत्रे गेले. धनी गेल्याचें मात्र शास्त्रांत कोठें सांगितलेलें नाहीं.

तो बंधु उपदेशकांचें बोलणें ऐकून कांहीं वेळ खालीं पाहत राहिला. पुढें त्यानें कुत्र्याचा खुंटा गोठ्याकडे हालविला, आणि तो स्वतः त्या बाईच्या घरीं मुलाची विचारपूस करावयास गेला. कुत्रा अजून भुंकतो, पण आतां भुंकण्यामागून कंदिलाचा उजेड येतो, असें तेथील लोक सांगतात. वाचकहो, आपल्या दाराशीं उभा राहून ठोकणारा प्रभु कोणत्या वेषांत येईल हें आपणांस ठाऊक नाहीं. कुत्रा त्यास ओळखणार नाहीं. आपण तरी उठूं या.